प्रमिलाताई आणि रोमचे सुतारबुवा

डॉ. प्रमिलाताई मेस्त्री यांची आणि माझी पहिली भेट अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात झाली. १९९४ साल होते. मी लग्न होऊन पुण्याहून आले होते आणि सहा महिने फ्लॅटमध्ये एकटी बसून कंटाळल्यावर मेडिकल रेकॉर्ड्स विभागात क्लार्क म्हणून लागले होते. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुटीत ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. एका हाताने घास चालला होता आणि दुसऱ्या हाताखाली झेरॉक्सचा एक कागद होता. अक्षरे इंग्रजीच, सगळी मोठी, मधेमधे टिंबे. पण त्यातला एक शब्द मला वाचता येईना. ही औषधांची नावे असणार आणि आता ती पाठ करावी लागणार, असे मला वाटले.

"मॅडम, हे मेडिसिन्सचं आहे का?" मी विचारले.

"नाही गं, सुतारांचं आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बस ना. डबा आणलायस का? आणि मॅडम नको, ताई म्हण."

ती सुटी संपेपर्यंत मला जे कळले त्यावर माझा विश्वास बसेना. फाइलींच्या चाळीस रांगा, वर ट्यूबलाइट, खिडकी एकही नाही, आणि त्या जागी बसून पन्नाशीच्या एक बाई लॅटिन वाचत होत्या. पीएच.डी.साठी. विषय होता, प्राचीन रोमन काळातल्या कारागीर संघांचे पदाधिकारी: त्यांची कारकीर्द आणि त्यांचे समाजातले स्थान. रोमन लोकांबद्दल मला तोवर ठाऊक होते ते फक्त राजे, लढाया आणि सिंहांसमोर सोडलेले कैदी.

ताईंनी मला पुढे अनेक दुपारी तो विषय समजावून सांगितला. सुतारांचे, चिंध्या शिवून घोंगड्या करणाऱ्यांचे, नावाड्यांचे असे त्या काळी गावोगावी संघ असत. संघाला अध्यक्ष असे, खजिनदार असे, काही ठिकाणी अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची असे. त्यांची नावे दगडावर कोरून ठेवत, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. यातले पुष्कळसे लोक जन्माने गुलाम होते आणि मालकाने मुक्त केलेले होते. मुक्त झाल्यावर धंदा करता येई, पैसा मिळे, संघात मान मिळे. पण गावचा कारभार पाहणारी जी सभा असे, तिथे जन्माने गुलाम असलेल्या माणसाला बसता येत नसे.

"किती वर चढता येत होतं आणि कुठे डोकं आपटत होतं, एवढंच मी शोधतेय," ताई म्हणायच्या.

ताई माहेरच्या मेस्त्री आणि सासरच्याही मेस्त्रीच. कुडाळजवळच्या एका गावात त्यांचा जन्म. वडील सुतारकाम करीत. मुंबईत मावशीकडे राहून त्यांनी प्राचीन इतिहासात एम.ए. केले आणि त्याच काळात वांद्र्याकडच्या एका चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरांकडून लॅटिन शिकल्या. शिकवणीच्या बदल्यात त्या फादरांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवीत, कारण त्यांची दृष्टी गेली होती. पुढे लग्न झाले, त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊंना, अल ऐनमध्ये एसी प्लांटवर नोकरी मिळाली आणि ताई इकडे आल्या. पुस्तके इथे कुठली? लंडनला असलेला भाचा झेरॉक्स पाठवी. ती पाकिटे तीन-तीन महिन्यांनी येत. इथल्या विद्यापीठातल्या एका अरब प्राध्यापकांनी आपल्या कार्डावर त्यांना ग्रंथालयातली पुस्तके काढून दिली आणि आठ वर्षांत एकदाही परत मागितली नाहीत.

विभागात ताईंचा एक नियम होता. कुठलीही फाइल द्यायची तर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: रुग्णाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि फाइल नंबर. एकदा एक मोठे सर्जन स्वतः खाली आले. रुग्णाचे नुसते नाव सांगून घाई करीत म्हणाले, "यल्ला, यल्ला, सिस्टर. पेशंट इज ऑन द टेबल." ताई जागच्या उठल्या नाहीत. "डॉक्टर, ही इज ऑन द टेबल, दॅट इज व्हाय आय ॲम आस्किंग," त्या म्हणाल्या. सर्जन पाय आपटत वर गेले आणि चारही गोष्टी घेऊन परत आले. मी दारामागे उभी होते. मला वाटले होते, ताईंची नोकरी खलास.

यापुढचा भाग ताईंच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला. संपादकांनी मला ताईंच्या संशोधनाविषयी लिहायला सांगितले आहे. पण ते संशोधन माझ्या एका चुकीला वगळून सांगताच येत नाही. ताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही की. फक्त त्या लोकांची नावं बदल." तशी ती बदलली आहेत.

१९९७ च्या मार्चमध्ये रुग्णालयात अब्दुल रहमान नावाचे दोन रुग्ण होते. एक आपल्या श्रीवर्धनकडचा, सनैयातल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, गॅरेजमध्ये काम करणारा. त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते आणि तो वॉर्डात बरा होत होता. दुसरा पेशावरकडचा ट्रक ड्रायव्हर. तो अपघातानंतर आयसीयूमध्ये होता. पहिल्याच्या वडिलांचे नाव इब्राहिम आणि दुसऱ्याच्या वडिलांचे इस्माईल.

सकाळी अकराच्या सुमारास आयसीयूतून फोन आला. अब्दुल रहमान इस्माईल गेले होते. नातेवाइकाचा फोन नंबर हवा होता. ताई वर मीटिंगला गेल्या होत्या. मी फाइल काढली. तिच्या पाठीवरचे लेबल घासून गेले होते. 'अब्दुल रहमान इ' एवढे दिसत होते, पुढची शाई उडाली होती. नंबराचे शेवटचे आकडेही पुसट होते. आतला कागद पाहून चार गोष्टी जुळवायला किती वेळ लागला असता? मी फाइल उघडली, पण नुसता फोन नंबर पाहिला. तो रुग्णाच्या थोरल्या भावाचा, इथेच अल ऐनमध्ये राहणाऱ्या उस्मानभाईंचा होता. गावचा पत्ता श्रीवर्धनचा.

मी नंबर आणि पत्ता सांगताच आयसीयूतली सिस्टर फोनवर म्हणाली, "युवर महाराष्ट्रा ओन्ली, ना? उसको इंग्लिश नहीं आता. यू टेल हिम, प्लीज."

आणि मी सांगितले. मराठीत, जमेल तितक्या हळू आवाजात, तुमचा भाऊ गेला म्हणून सांगितले. पलीकडून फोन बंद झाला.

दीड तासाने उस्मानभाई शवागारात उभे राहिले. चादर बाजूला केल्यावर त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "हा आमचा नाही."

मला हे वरून फोनवर कळले. ऐकून झाल्यावर मला रिसीव्हर खाली ठेवता येईना. बोटे त्याच्याभोवती आवळली ती सुटेनात. उस्मानभाईंनी तोवर गावी फोन केला होता. घरात रडारड झाली होती आणि म्हाताऱ्या आई बेशुद्ध पडल्या होत्या. ताई जिन्यावरून धावत खाली आल्या. त्यांनी माझी बोटे एकेक करून सोडवली, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "चल वर."

"ताई, मला नाही जमणार."

"त्यांना तरी कुठे जमतंय? चल."

वॉर्डात उस्मानभाई धाकट्या भावाच्या पलंगाशी खाली फरशीवरच बसले होते. त्यांनी भावाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. भाऊ अर्धवट उठून बसला होता. त्याच्या हातात चहात बुडवलेले बिस्कीट होते आणि ह्यांना झालेय तरी काय, अशा नजरेने तो बघत होता. त्याला कुणीच काही सांगितले नव्हते.

"भाई," मी म्हणाले, "फोन मी केला होता. चूक माझी आहे."

त्यांनी वर पाहिले. "हां. आवाज ओळखला मी," ते म्हणाले. "दीड तास आमच्या घरात मयत झाली होती, ताई."

मी रडू लागले. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. ते ओरडले नाहीत, माफ केले असेही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग तो खाली आहे तो कुणाचा? त्याच्या घरी सांगितलं का कुणी?"

आमच्यापैकी कुणाच्याही हे मनात आले नव्हते. सगळे रुग्णालय जिवंत माणसाच्या गोंधळात गुंतले होते आणि जो खरोखर गेला होता त्याच्यासाठी दोन तासांत कुणीही फोन उचलला नव्हता. ताईंनी उस्मानभाईंना हात जोडले आणि तशाच मागे वळल्या. खाली येऊन त्यांनी दुसरी फाइल स्वतः काढली. ड्रायव्हरचे काका दुबईत होते. ताईंनी फोनवर आधी त्यांच्याकडून पुतण्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, वय आणि कंपनी विचारून घेतली. सगळे जुळल्यावरच त्या पुढचे हिंदीत बोलल्या. मी शेजारी उभी होते. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलाची कड पकडली.

उस्मानभाईंच्या आई त्याच संध्याकाळी शुद्धीवर आल्या आणि धाकट्या मुलाशी फोनवर बोलल्या, हे दुसऱ्या दिवशी आम्हाला कळले.

चौकशीसाठी मला लेखी निवेदन द्यायचे होते. मी आधी मराठीत दोन पाने लिहिली आणि ताईंना दाखवली. त्यात एक वाक्य होते: 'वडिलांचे नाव पुसट झाले होते, तेव्हा ते इस्माईलच असावे असे मी धरले.' ताई त्या वाक्यावर थांबल्या. मला वाटले, इंग्रजीत करताना काही अडेल म्हणून थांबल्या असतील.

"धरले, असं का लिहिलंस?" त्यांनी विचारले.

"कारण तसंच झालं, ताई. पुढचं अक्षर दिसत नव्हतं. मीच भरलं."

त्यांनी पेन घेतले आणि माझ्या निवेदनाखाली स्वतःचा परिच्छेद लिहिला. फाइलींची लेबले पुसट होत आहेत हे मी सहा महिने पाहत होते, मी ते लेखी कळवले नाही, असा. खाली सही केली. मी त्यांचा हात धरला. त्या वर्षी त्या सुपरवायझर होणार हे सगळ्यांना माहीत होते. "ताई, तुमचा काय संबंध यात? तुम्ही तर तिथे नव्हता," मी म्हणाले.

"तुझं तू लिहिलंस. हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

आम्हा दोघींना वॉर्निंग लेटर मिळाले. सुपरवायझरचे पद बाहेरून आलेल्या माणसाला मिळाले.

पुढच्या आठवड्यात ताई दोन दिवस रजेवर गेल्या. त्यांनी रजा घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्यांची तब्येत बिघडली असेल, तीही माझ्यामुळे, असे वाटून मी शुक्रवारी सकाळी खिचडी घेऊन त्यांच्या घरी गेले. दार भाऊंनी उघडले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बघ बाई तूच. दोन दिवस असंच चाललंय."

जेवणाच्या टेबलावर प्रबंधाची पाने पसरली होती. हा प्रबंध ताईंनी आठ वर्षे खपून लिहिला होता आणि जानेवारीतच तो मुंबईला विद्यापीठात सादर झाला होता. परीक्षकांकडे प्रती गेल्या होत्या. ताईंनी मला खुर्चीत बसवले आणि माझ्यापुढे दोन कागद ठेवले.

प्रबंधाचा कणा म्हणजे इटलीतल्या एका लहान गावातले दोन कोरीव दगड होते. पहिल्यावर सुतार संघाच्या एका अध्यक्षाचे नाव होते. तो गुलामगिरीतून मुक्त झालेला होता हे तिथे स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्या दगडावर अगदी तेच नाव, पण हा माणूस गावच्या सभेचा सभासद होता. नाव तेच म्हणून ताईंनी ती एकच व्यक्ती मानली होती. म्हणजे जन्माने गुलाम असलेला एक सुतार, कसा का होईना, त्या बंद दारातून आत जाऊन बसला होता. असे यापूर्वी कुणी म्हटले नव्हते. ताई त्याला प्रेमाने 'आमचे सुतारबुवा' म्हणत. मार्गदर्शक सर त्या प्रकरणावर खूष होते. त्याच्याच जोरावर सावंतवाडीकडच्या एका कॉलेजाने ताईंना जूनपासून शिकवायला या म्हणून सांगितले होते. भाऊंनी तिकडे घर बघायला सुरुवातही केली होती.

"हे बघ," ताईंनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवले. "नावाच्या पुढे दगड तुटलाय. एकच अक्षर गेलंय. तिथे एल असेल तर अमक्याने मुक्त केलेला. एफ असेल तर अमक्याचा मुलगा. मी एल भरला. आठ वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की बाप आणि मुलगा एकाच नावाचे असू शकतील. मीही धरलं, वैशाली."

रोज चार गोष्टी जुळवल्याशिवाय फाइलीला हात लावू न देणाऱ्या ताई होत्या या.

"पण ताई, एलसुद्धा असू शकतो ना?" मी म्हणाले. "आणि नसला तरी कुणाला कळणारे? सरांना नाही कळलं. तो माणूस जाऊन दोन हजार वर्षं झाली."

"म्हणून तर," ताई म्हणाल्या. "उस्मानभाई आले आणि म्हणाले, हा आमचा नाही. सुतारबुवांचं सांगायला कोण येणार?"

भाऊ दारात उभे राहून हे ऐकत होते. मला वाटले ते तरी काही म्हणतील. ते आत गेले आणि चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.

ताईंनी त्याच दिवशी दोन पत्रे टाकली. एक मार्गदर्शकांना, प्रबंध थांबवा म्हणून. दुसरे त्या इटालियन गावातल्या संग्रहालयाला, तुटलेल्या कडेचा जवळून काढलेला फोटो मिळेल का म्हणून. मार्गदर्शकांचे उत्तर आधी आले. ते पत्र मी वाचले आहे. रागाचे होते. परीक्षकांना काय तोंड दाखवू, असे त्यात होते, आणि प्रबंध मागे घेतल्यास पुन्हा माझ्याकडे येऊ नये, असेही होते.

फोटो दोन महिन्यांनी आला. ताईंनी पाकीट घरी फोडले नाही. ऑफिसात आणले आणि जेवणाच्या सुटीत माझ्यासमोर ठेवले. "तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. मी भिंग घेतले. नावाच्या पुढे दगडाचा टवका उडाला होता, पण तळाशी अक्षराचा थोडा भाग शिल्लक होता. एक उभी रेघ खाली येऊन थांबली होती.

"खाली आडवी रेघ आहे?" ताईंनी विचारले. "एल असेल तर तळाला आडवी रेघ पाहिजे."

मी पुन्हा पाहिले. मला ती रेघ मनापासून हवी होती. भिंग हलवून, कागद तिरका करून मी पाहिले. दगडाची ती जागा स्वच्छ होती.

"नाही ताई. काही नाही."

ताईंनी भिंग घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग त्यांनी मला आपल्या वडिलांविषयी सांगितले. तीन वर्षांत त्या त्यांच्याविषयी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे वडील अकरा वर्षे तालुक्यातल्या सुतारांच्या सोसायटीचे चेअरमन होते. ग्रामपंचायतीचे नवे ऑफिस झाले तेव्हा तिथल्या सगळ्या खुर्च्या त्यांनी केल्या. उद्घाटनाच्या दिवशी गावातली मोठी माणसे त्या खुर्च्यांवर बसली आणि त्यांना दाराशी चटईवर बसवण्यात आले. हत्यारांची पिशवी सोबत ठेवा, असे सांगितले होते. एखादी खुर्ची डुगडुगली तर लागेल म्हणून. ताई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या शेजारी त्या चटईवर बसल्या होत्या.

"मला सुतारबुवांना खुर्चीत बसलेलं बघायचं होतं गं," ताई म्हणाल्या. "म्हणून मला तिथे एल दिसला."

त्यानंतर त्यांनी डबा उघडला.

प्रबंध मागे घेतला गेला. सावंतवाडीची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. भाऊंनी पाहिलेले घर सोडून दिले. माझी समजूत अशी होती की आता ताई हे सगळे बांधून माळ्यावर टाकतील. मीच त्यांच्या जागी असते तर टाकले असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानापासून लिहायला घेतले. दुसरे मार्गदर्शक शोधायला वर्ष गेले. प्रत्येक नाव त्यांनी पुन्हा तपासले. कुठे बाप, कुठे मुलगा, कुठे एकाच मालकाने मुक्त केलेले दोन गुलाम. पहिल्या प्रबंधातली नऊ माणसे दुसऱ्यात सतरा झाली, असे त्या हसून सांगत. त्या हसत आणि मी दर वेळी हादरत असे. आपण इतके दिवस दोन-दोन माणसांना एक करून ठेवले होते, हे हसून सांगायला किती बळ लागत असेल.

नव्या प्रबंधात कुणी दार तोडून आत गेले नाही. मुक्त झालेले गुलाम संघाचे अध्यक्ष झाले, मिरवणुकीत पुढे चालले, आपल्या लोकांच्या अंत्ययात्रांना खांदा देणारी माणसे त्यांनी उभी केली, आणि तिथेच थांबले. काही घरांत पुढची पिढी सभेत जाऊन बसली. आमच्या सुतारबुवांच्या घरात तसे झाले. २००२ मध्ये ताईंना पदवी मिळाली. पेढे रुग्णालयातल्या प्रत्येक मजल्यावर वाटले गेले. त्या सर्जनांनी दोन घेतले आणि अभिनंदन करीत म्हणाले, "मबरूक, डॉक्टर. नाऊ यू गिव्ह मी फाइल विदाउट फोर थिंग्ज?" ताई म्हणाल्या, "नाऊ फाइव्ह."

त्याच वर्षी अबुधाबीच्या मराठी मंडळींनी ताईंचे व्याख्यान ठेवले. मी माझ्या सात वर्षांच्या मृण्मयीला घेऊन गेले होते. पुढच्या रांगेत मंडळाचे पदाधिकारी छातीवर बॅज लावून बसले होते. ताईंनी सांगायला सुरुवात केली. संघाचे अध्यक्ष आपल्या नावाचा दगड सगळ्यांत वर लागावा म्हणून कसे धडपडत, जेवणावळी कशा घालत, मिरवणुकीत कोण पुढे यावरून कशी भांडणे होत. आधी मागे हसू फुटले, मग पुढेही. सेक्रेटरी उठून म्हणाले, "ताई, हे तुम्ही रोमचं सांगताय की आमचं?"

"रोमचं हो," ताई म्हणाल्या. "त्यांच्यात निवडणूक पाच वर्षांतून एकदाच असे."

नंतर त्या बाप आणि मुलाविषयी बोलल्या. स्वतःच्या चुकीविषयीही बोलल्या, सगळे, काही न लपवता. हॉलमध्ये अबुधाबीच्या ऑफिसांत मोठ्या पदांवर काम करणारी माणसे होती. आपली चूक माइकवर सांगणारे कुणी त्यांनी पाहिले नसावे. व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारा म्हटले, तर मोठ्यांपैकी एकही हात वर झाला नाही. मृण्मयी उभी राहिली. मी तिला खाली ओढणार होते.

"आजी, डिड द डॅडी सी हिम सिट देअर?"

बापाने मुलाला तिथे बसलेले पाहिले का? ताई माइकपाशी वाकल्या. मला वाटले, आता त्या हो म्हणतील. एका लहान मुलीला हो म्हणायला काय हरकत होती? हॉलमधल्या प्रत्येकाला तेच ऐकायचे होते.

"ते दगडावर नाही गं, राजा," ताई म्हणाल्या. "आय डोन्ट नो."

त्यांचे डोळे भरले होते.

या महिन्यात ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि नियमाप्रमाणे निवृत्त होऊन कुडाळला परत जात आहेत. त्यांच्या जागेवर मला बसवण्यात आले आहे. निरोप समारंभासाठी काय भेट आणू म्हणून मी त्यांना विचारले. साडी नको, घड्याळ नको, म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "चिंध्या शिवणाऱ्यांच्या संघाचं काम राहिलंय. त्यांच्या अध्यक्षांकडे कुणी नीट पाहिलेलंच नाही. दीडशे नावं आहेत. मला अजून पंधरा वर्षं लागतील. तेवढी कुठे मिळाली तर बघ."

प्रमिलाताईंना ती पंधरा वर्षे मिळोत. त्यापुढचीही मिळोत. त्यांची दृष्टी शाबूत राहो, हात स्थिर राहो, भाऊंच्या हातचा चहा वेळेवर मिळत राहो, आणि ती दीडशे माणसे त्यांच्या टेबलावर एकेक करून येऊन, आपण कोण, कुणाची मुले, हे सांगून जावोत.